हुल्दा म्हणजे ‘यिर्मया गावात नव्हता म्हणून’?

पायरीवरची

परवा एका लेखाखाली ‘दगडफूल’ यांचा प्रतिसाद वाचला आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बायबलातल्या हुल्दा या संदेष्ट्रीला, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्या बाईला, उगाच डोक्यावर घेऊ नका. यहूदाच्या योशीया राजाच्या माणसांना यिर्मया संदेष्टा भेटला नाही म्हणून ती माणसं हिच्या दारात गेली. शिवाय बाई म्हणजे मन मऊ, जरा सांभाळून सांगेल, असं राजाला वाटलं असणार. जुन्या करारात सात वचनांपुरती येते आणि जाते, बाकी सगळं हल्लीच्या बायकांनी फुगवलेलं.

तिथेच उत्तर द्यायला बसले. चहा गार झाला, भात लागला, उत्तर संपेना. म्हणून हा वेगळा धागा.

जुन्या करारातलं ‘दुसरे राजे’ हे पुस्तक, अध्याय २२ उघडा. देवळाची डागडुजी चालू आहे, सुतार-गवंड्यांचे पैसे वाटले जातायत. त्यात महायाजक हिल्कीयाला नियमशास्त्राची गुंडाळी सापडते. तो ती शाफान चिटणिसाकडे देतो. शाफान राजापुढे जाऊन आधी काय सांगतो? पैसे मुकादमांच्या हाती पोचते केले. मग जाता जाता, आणि हो, हिल्कीयाने एक पुस्तक दिलंय. (चिटणीस कुठल्याही शतकातला असो, आधी बिलं.) ते वाचून दाखवल्यावर राजा अंगावरचे कपडे फाडतो आणि पाच जणांना सांगतो, जा, परमेश्वराला विचारा. कोणामार्फत, ते सांगत नाही. हिल्कीया, अहीकाम, अखबोर, शाफान, असाया असे पाचही जण उठतात आणि थेट यरुशलेमच्या मिश्ने भागात हुल्दाच्या घरी जातात. यिर्मयाला शोधलं, तो नव्हता, मग नाइलाजाने… यातलं अवाक्षर तिथे नाही. यिर्मयाचं नावसुद्धा त्या अध्यायात येत नाही.

आणि यिर्मया होता बरं का! त्याचं काम योशीयाच्या १३व्या वर्षी सुरू झालं, ही घटना १८व्या वर्षातली, म्हणजे इ.स.पू. ६२२च्या सुमाराची. पाच वर्षं तो बोलत होता. तरी माणसं हिच्याकडे आली.

‘तो नव्हता’ हे तालमुदातलं, म्हणजे रब्बींच्या (यहूदी धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथातलं, मगिल्ला भाग, पान १४. रब्बींना प्रश्न पडला की यिर्मया असताना हिने तोंड उघडलं कसं? उत्तरं तीन. एक, ती त्याच्या नात्यातली, त्याने मनाला लावून घेतलं नाही. दोन, बायका दयाळू असतात. तीन, यिर्मया इस्राएलच्या परागंदा झालेल्या दहा वंशांना परत आणायला गेला होता. एका प्रश्नाला तीन उत्तरं द्यावी लागली की समजावं, एकही नीट बसलेलं नाही.

आणि दयाळू? तिचं पहिलं वाक्य बघा. ‘ज्या माणसाने तुम्हाला माझ्याकडे पाठवलं त्याला सांगा.’ माणसाने. समोर महायाजक उभा आहे, पाठवणारा गादीवरचा राजा आहे, आणि ही म्हणते ‘माणूस’. पुढे काय, तर या जागेवर अरिष्ट येणार, माझा राग पेटलाय तो विझायचा नाही. हे सांभाळून सांगणं असेल तर कडक सांगणं कसं असतं ते दगडफूल यांनी दाखवावं.

माझा मुद्दा एवढाच. सापडलेला कागद खरा की खोटा, हे देशातल्या सगळ्यात मोठ्या याजकाला आणि चिटणिसाला ठरवता येईना, तेव्हा ते एका बाईच्या उंबऱ्यावर गेले. लिहिलेल्या मजकुराकडे बघून ‘हो, हे खरं आहे’ असं म्हणणारं सगळ्या जुन्या करारातलं पहिलं माणूस ती आहे. हे सात वचनांत झालं म्हणून लहान होत नाही.

करोनाच्या आधी चर्चच्या ग्रूपबरोबर यरुशलेमला गेले होते. देवळाच्या टेकडीच्या दक्षिण भिंतीपाशी जुन्या रुंद पायऱ्या आहेत. वर तिहेरी दरवाजाच्या चिणून टाकलेल्या कमानी, आणि दुहेरी दरवाजाचा जेमतेम एक तुकडा दिसतो. हेच हुल्दाचे दरवाजे. मिश्ना या जुन्या यहूदी नियमसंग्रहात आहे की दक्षिणेला हुल्दाचे दोन दरवाजे, आत जायला आणि बाहेर यायला. पायऱ्या एक अरुंद, एक रुंद, परत एक अरुंद, अशा आहेत. धावत चढायला गेलात तर पाऊल चुकतं. माझं चुकलं, गुडघा फुटला. तेव्हापासून हे नाव घेतलंय, म्हणून म्हणते, बाईला हलक्यात घेऊ नका.

उगीचच

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दगडफूल, या.

दगडफूल

आलो. आधी शस्त्रं खाली ठेवतो. ‘यिर्मया भेटला नाही’ हे बायबलातलं नाही, रब्बींचं आहे. मान्य. चुकलो. गुडघ्याबद्दलही वाईट वाटलं.

आता दरवाज्यांबद्दल. हुल्दा या हिब्रू शब्दाचा अर्थ घुशी-मुंगसाच्या जातीतला बिळं करणारा प्राणी. त्या दरवाज्यांतून आत शिरलं की जमिनीखालून बोगद्यासारखी वाट वर अंगणात निघायची. म्हणजे ते ‘बिळाचे दरवाजे’ असण्याची शक्यता चांगली आहे. आणि तिच्या काळातलं देऊळ बाबेलच्या लोकांनी जाळलं. या भिंती आणि पायऱ्या हेरोद राजाच्या वेळच्या, तिच्यानंतर सहाशे वर्षांच्या. तुमचा गुडघा हेरोदाने फोडला, हुल्दाने नाही.

मधलं नाव

मला दरवाजा-बिरवाजा माहीत नाही, पण तो परिच्छेद आत्ता काढून वाचला आणि वेगळीच कळ आली. हुल्दा कोण? तर शल्लूमची बायको. शल्लूम कोण? तिकवाचा मुलगा. तिकवा कोण? हरहसचा मुलगा. आणि शल्लूम करायचा काय? राजाच्या वस्त्रागाराचा रखवालदार. नवऱ्याच्या तीन पिढ्या आणि नोकरी. बाईचा बाप कोण, आई कोण, काही नाही.

मी ३१ वर्षं नोकरी केली. लग्नात सासरी नाव बदललं, तेव्हा मी २२ची, कोणी विचारलंच नाही. निवृत्तीच्या वेळी सर्व्हिस बुकात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पॅनकार्डावर तिसरं, आणि मधलं नाव एकीकडे वडिलांचं, एकीकडे नवऱ्याचं. खिडकीतला पोरगा म्हणतो, ‘मॅडम, या तिघी तुम्हीच आहात हे कशावरून?’ शंभराच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, पुन्हा हेलपाटे. सात महिने स्वतःचे पैसे अडकले होते. त्या पाच जणांनी हुल्दाला प्रतिज्ञापत्र मागितलं नाही हेच विशेष.

पायरीवरची

मधलं नाव ताई, तुमच्यासाठी खास. हीच गोष्ट बायबलातल्याच ‘दुसरे इतिहास’ या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात परत येते. तिथे सासऱ्याचं नाव तिकवा नाही, तोकहथ आहे, आणि आजेसासरा हरहस नाही, हस्रा आहे. नवऱ्याच्या खानदानाची नावं दोन पुस्तकांत जुळत नाहीत. तिचं मात्र दोन्हीकडे तेच.

मधलं नाव

हे प्रिंट काढून त्या खिडकीवर चिकटवून येणार आहे.

खडूस

भावनांचा पूर ओसरला असेल तर जरा मजकुराकडे वळू या.

१) पाच जणांनी ‘हे पुस्तक खरं का’ असं विचारलेलंच नाही. राजाचा निरोप आहे, ‘या पुस्तकातल्या शब्दांबद्दल परमेश्वराला विचारा, कारण आपल्यावर त्याचा मोठा कोप झालाय.’ राजाने ते खरं धरूनच कपडे फाडलेत. बाई पुढचं भविष्य सांगते. खरे-खोटेपणाचा शिक्का वगैरे आपण मागाहून मारलेला.

२) नवरा वस्त्रागाराचा रखवालदार, म्हणजे दरबारच्या पगारावरचं घर. सापडवणारा महायाजक, वाचणारा चिटणीस, आणि खात्री करून देणारी दरबारी नोकराची बायको. आणि पुस्तक कोणतं? डी वेट या जर्मन अभ्यासकाने १८०५मध्ये मांडलं आणि आजही बहुतेक अभ्यासक त्याच्या आसपास आहेत, की ते ‘अनुवाद’ (Deuteronomy) या बायबलातल्या पुस्तकाचा गाभा होतं आणि सापडलं त्याच्या फार आधी लिहिलेलं नव्हतं. (मराठी बायबलात या पुस्तकाचं नाव ‘अनुवाद’ का ठेवलं हा माझा जुना राग, पण तो पुन्हा कधी.) सगळं एकाच अंगणातलं काम.

३) ती म्हणाली, राजा, तू शांतीने आपल्या कबरेत जाशील. इ.स.पू. ६०९, मगिद्दो. फारो नखोने योशीयाला मारलं. इतिहासाच्या पुस्तकात तर तिरंदाजांनी घायाळ केलेला राजा म्हणतो, मला इथून न्या, मला जबर लागलंय. ही शांती? आणि ज्या पुस्तकावर हिने मोहर उठवली म्हणता, त्याच अनुवादाच्या १८व्या अध्यायात संदेष्ट्याची परीक्षा दिलीय की बोललेलं घडलं नाही तर तो उद्दामपणे बोलला, त्याला भिऊ नका. हुल्दा आपल्याच पुस्तकाच्या परीक्षेत नापास.

उगीचच

तिसरा मुद्दा जबरी. दंडवत.

शनवार तेली

इस्राएलमधल्या अश्दोदहून लिहितोय, मूळ गाव अलिबागजवळ. नाव वाचून ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहूदी. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे.

दगडफूल यांचा घुशीचा मुद्दा घरात अनुभवलाय. नात झाली तेव्हा मी हौसेने म्हटलं, हुल्दा ठेवू या, संदेष्ट्री होती. सून इथेच जन्मलेली. ती आधी हसली, मग तिला कळलं की मी खरंच बोलतोय. ‘आबा, पोरीचं नाव उंदीर?’ हल्लीच्या हिब्रूत हुल्दा म्हणजे उंदीर, तोही गटारातला मोठा. हुल्दा नावाचं किबुत्झ (सामुदायिक वस्ती) आहे, तिथले लोक काय करतात देव जाणे. नातीचं नाव नोआ ठेवलं.

रब्बींनी याच्यावरून कोटी केलेली आहे. मगिल्लातच रब नहमान म्हणतो, बायकांना तोरा शोभत नाही. दोन तोरेवाल्या बायका होत्या आणि दोघींची नावं वाईट. एक दबोरा, तिला तो गांधीलमाशी म्हणतो, तिने बाराकाला बोलावून घेतलं, स्वतः गेली नाही. आणि दुसरी मुंगशी, जिने ‘राजाला सांगा’ म्हणायचं सोडून ‘माणसाला सांगा’ म्हटलं. म्हणजे पायरीवरचीताईंना जे आवडलं, तेच त्याला झोंबलं होतं.

पायरीवरची

शनवार तेली दादा, रब नहमानच्याच घरातली गोष्ट सांगायची राहिली की! त्याच्या बायकोचं नाव याल्ता. उल्ला नावाचा विद्वान जेवायला आला. आशीर्वादाचा द्राक्षारसाचा पेला याल्ताकडे पाठवा असं नहमानने सांगितलं, तर उल्ला म्हणाला, बाईला वेगळा पाठवायची गरज नाही. याल्ता उठली, कोठीत गेली आणि चारशे रांजण फोडले. वर निरोप पाठवला की फिरस्त्यांकडून बडबड मिळायची आणि चिंध्यांतून उवा. अशा घरात राहणाऱ्या माणसाने बायकांच्या तोऱ्यावर बोलावं!

आणि नहमानने वाचलंही अर्धंच. त्याच अध्यायात तीन वचनं पुढे हुल्दा म्हणते, ‘यहूदाच्या ज्या राजाने तुम्हाला पाठवलं त्याला असं सांगा.’ राजा म्हणते. नाशाचा निरोप सगळ्यांसाठी, तिथे तो नुसता माणूस. वैयक्तिक निरोप त्याच्यासाठी, तिथे राजा. हा तोरा नाही, हिशेब आहे.

खडूस, तुमच्याकडे येते. कुकर लावून.

केडगावकर

या चर्चेत पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं आलं नाही? बाईने लिखित वचनाची खात्री करण्याबद्दल बोलताय ना? रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळावरून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. १९२२मध्ये त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं, १९२४ला छापून निघालं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच छापलं.

उगीचच

आले. गेल्या महिन्यात पुरणपोळीच्या धाग्यावरही रमाबाई आणल्या होत्या तुम्ही.

केडगावकर

पुरणपोळीच्या धाग्यावर १८९६च्या दुष्काळाचा विषय निघाला होता आणि रमाबाईंनी तेव्हा शेकडो मुली वाचवून आणल्या. संबंध होता. वाचायचं नाही आणि खिल्ली उडवायची, तुमचं काम छान आहे. माझी पणजी त्या मुलींपैकी. तुमची कोण होती?

उगीचच

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

उगीचच

काढला प्रतिसाद. पणजीचं माहीत नव्हतं. माफी असावी.

शनवार तेली

भांडू नका हो. कागद ओळखणाऱ्या बायकांवरून आमच्याकडची गोष्ट सांगतो. आमचे लोक नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष सात बायका. पोथ्या समुद्रात गेल्या. कैक पिढ्या ग्रंथ नाही, भाषा नाही. मग दावीद रहाबी आला. कोणी म्हणतं हजार वर्षांपूर्वी, कोणी म्हणतं १८व्या शतकात कोचीनहून. हे तेल गाळणारे शनिवार पाळतात, मग यहूदी असतील का? त्याला खात्री करायची होती. पुरुषांना त्याने विचारलं नाही. बायकांपुढे सगळ्या जातीचे मासे ठेवले आणि रांधा म्हणाला. बायकांनी पर आणि खवलं असलेले बाजूला काढले, बाकीचे परत केले. म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. रहाबीची खात्री पटली.

हुल्दाच्या हातात निदान गुंडाळी होती. आमच्या बायकांकडे फक्त विळी.

पायरीवरची

दादा, अंगावर काटा आला.

नारळीभात

पण कोणते मासे? म्हणजे बाजूला काढले ते कोणते आणि परत केले ते कोणते? पापलेटला खवलं असतात का? मी तर कधी काढलेली आठवत नाहीत.

शनवार तेली

असतात. बारीक, चटकन निघून जातात. बाजारातून येईपर्यंत निम्मी गळालेली असतात. रावस, बांगडा, घोळ, सगळं चालतं. मुशी नाही, शिंगाळा नाही, कोलंबी-चिंबोरी-तिसऱ्या तर नाहीतच.

नारळीभात

मुशीचं अंग केवढं खरखरीत असतं, पॉलिश पेपरसारखं. ती खवलं नाहीत?

शनवार तेली

कातडी न फाटता सुटं होतं ते खवलं. मुशीचं तसं होत नाही. आणि रब्बींनी सोपं करून ठेवलंय. खवलं असलं की पर असणारच, म्हणून पर शोधायचे नाहीत, खवलं बघायचं.

दगडफूल

मग बोंबील?

मधलं नाव

बोंबलाला कुठलं खवलं! लिबलिबीत असतो नुसता.

दगडफूल

ताई, माझं सगळं आयुष्य वर्सोव्यात गेलं. बोंबील पुढून उघडा असतो, मागच्या अर्ध्या अंगावर शेपटीकडे खवलं असतात. बोट उलटं फिरवून बघा.

मधलं नाव

मी चाळीस वर्षं बोंबील साफ करतेय. तुम्ही किती साफ केलेत? खाल्ले किती ते नाही विचारलं.

दगडफूल

साफ आई करायची. पण शेजारी बसून बघायचो.

मधलं नाव

तेच. हुल्दाबद्दलही असंच शेजारी बसून बघितलंय तुम्ही.

नारळीभात

अर्धा खवल्याचा म्हणजे अर्धा चालतो का? मागचा भाग खायचा, पुढचा शेजाऱ्यांना?

शनवार तेली

आजी असती तर हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला उलथन्याने मारलं असतं. आमच्या घरात बोंबील येत नसे. दुसऱ्या घरांचं सांगत नाही, त्यावरून दोन आत्या आयुष्यभर बोलत नव्हत्या.

खडूस

मी इ.स.पू. ६०९वर उत्तराची वाट बघतोय आणि इथे बोंबील चाललाय. मराठी माणूस. असो.

पायरीवरची

कुकर झाला. घ्या उत्तर.

मगिद्दोचं. राजे २३मध्ये पुढचंच वचन बघा. सेवकांनी त्याला रथातून यरुशलेमला आणलं आणि त्याच्या स्वतःच्या कबरेत पुरलं. हुल्दाचं वाक्य कबरेबद्दल आहे आणि ‘या जागेवरचं अरिष्ट तुझे डोळे बघणार नाहीत’ याबद्दल. इ.स.पू. ५८६ला देऊळ जळालं, तेव्हा तो जाऊन तेवीस वर्षं झाली होती. बघितलं नाही त्याने.

पण खरं सांगू? ‘शांतीने’ हा शब्द मलाही टोचतो. बाण लागून मेलेला माणूस शांतीने गेला असं मी माझ्या घरात कोणाला म्हणणार नाही. मात्र हीच गोष्ट तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला नडते. सगळं एकाच अंगणात मागाहून रचलेलं असेल तर लिहिणाऱ्याला राजा कसा मेला ते ठाऊक होतं. एक शब्द खोडला की काम झालं असतं. खोडला नाही. इतिहासाच्या पुस्तकवाल्यानेही खोडला नाही, त्याने तर तिरंदाज आणखी रंगवून सांगितले. म्हणजे ते वाक्य त्यांच्याकडे आधीपासून आलेलं होतं, तिच्या नावाने, आणि त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

पहिला मुद्दा अर्धा मान्य. ‘हे खरं का’ असे शब्द प्रश्नात नाहीत. पण उत्तरात ती म्हणते, ‘यहूदाच्या राजाने वाचलेल्या पुस्तकातला शब्द न् शब्द मी आणीन.’ याहून वेगळा शिक्का काय असतो?

दुसरा मुद्दा. नवरा दरबारात म्हणून बायको दरबाराची? मग दरबाराच्या बाईने दरबाराला ‘तुमचं शहर जळणार’ असं सांगितलं, हे कुठल्या नोकरीत बसतं?

खडूस

खोडला नाही हा मुद्दा चांगला आहे. तो तुम्ही शोधलेला नाही, अभ्यासकांचा जुनाच आहे, तरी चांगला आहे. ६०९ तुमच्या खाती जमा करतो, व्याज न देता.

आता मी ठेवलेलं शेवटचं पान टाकतो. तिने शिक्का मारला, मग काय झालं? २३वा अध्याय. राजाने सुधारणा केल्या, वेद्या फोडल्या, मूर्ती जाळल्या. सातवं वचन वाचा. देवळाच्या आवारात काही खोल्या होत्या, तिथे बायका अशेरा देवीसाठी विणकाम करायच्या. राजाने त्या खोल्या पाडल्या. देवळात बायकांचं एक काम, एक जागा होती, ती हुल्दाच्या मोहरेखाली गेली. आणि शहर पडल्यावर मिसरात पळालेल्या बायका यिर्मयाला तोंडावर सांगतात (यिर्मया ४४), आकाशराणीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर भाकर होती, ते बंद केल्यापासून उपास आणि तलवार. त्यांना हुल्दाचा वारसा विचारला असता तर?

पायरीवरची

हे वचन मी निदान वीस वेळा वाचलं असेल. विणणाऱ्या बायका प्रत्येक वेळी डोळ्याखालून निसटल्या.

उत्तर नाही माझ्याकडे. एवढंच की खोल्या पाडा असं ती म्हणाली नव्हती. ती म्हणाली, आता उशीर झालाय. पाडापाडी राजाची. पण हे बोलताना माझंच मला पटत नाहीये पूर्ण.

मधलं नाव

त्या विणणाऱ्या बायकांची नावंही नाहीत ना कुठे?

खडूस

नाहीत.

केडगावकर

एक दुरुस्ती. वर कोणी म्हणालं नाही, पण म्हणण्याआधीच सांगतो. तालमुदातल्या सात संदेष्ट्र्या म्हणजे सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा, एस्तेर. यातल्या चौघींना बायबल स्वतः संदेष्ट्री म्हणत नाही. उलट नहेम्याच्या पुस्तकातल्या नोवद्याला आणि यशयाच्या बायकोला म्हणतं, त्या यादीत नाहीत.

उगीचच

यशयाच्या बायकोचं नाव काय?

केडगावकर

दिलेलं नाही.

मधलं नाव

झालं. मी झोपायला जाते.

दगडफूल

एक भर घालतो, वारसा म्हणत होतात म्हणून. जैतुनाच्या डोंगरावर एक लहानशी गुहा आहे, कबर. ज्यू म्हणतात हुल्दाची, ख्रिस्ती म्हणतात संत पेलागियाची, मुसलमान म्हणतात राबिया अल-अदवियाची. तिन्ही धर्मांचं कशावर एकमत नाही, पण आत बाई आहे यावर आहे. हे मी पायरीवरचीताईंच्या बाजूने बोलतोय असं समजू नये. सहज आठवलं.

पायरीवरची

समजले. सहज आठवल्याबद्दल आभार.

नारळीभात

आत्ता फ्रिजमधला बोंबील काढून बघितला. शेपटीकडे काहीतरी लागतंय बोटाला. फोटो टाकू का?

खडूस

संपादक मंडळ, कृपया मासे हलवा.

शनवार तेली

हलव्याला खवलं असतात.